नंदूची चूक

त्या दुपारी माझ्या मोबाइलवर नंदूचं नाव उमटलं तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. 'आले महाराज,' असं मनात म्हणत मी कॉल घेतला, स्पीकर चालू केला आणि नेहमीसारखा फोन कीबोर्डच्या शेजारी उभा करून पुढचा चार्ट उघडला. आमची ती पद्धतच होती. मी कर्जतला माझ्या घरी, तो भिवपुरीकडच्या गावात त्याच्या घरी, आणि कामाच्या वेळात दोघांचे फोन जोडलेले. बोलणं जवळपास नाहीच. पलीकडून काकूंच्या, म्हणजे नंदूच्या आईच्या, कुकरची शिट्टी यायची, अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज यायचा आणि मधूनमधून नंदूच्या एंटरचा टक असा आवाज यायचा. प्रत्येक टक म्हणजे त्याचा एक चार्ट संपला. गेले काही दिवस तो पनवेलला हॉस्पिटलात होता, फोन गप्प होता आणि त्या शांततेत माझं काम बरं चाललं होतं. आता पुन्हा टकटक सुरू होणार म्हणून मी जरा सावरून बसलो... पण टक काही येईना. कोणीतरी श्वास घेतंय एवढंच ऐकू येत होतं. मी आपला चार्ट वाचत राहिलो. मग काकूंचा आवाज आला, "सुधीर, ऐकतोस ना रं?" मी हो म्हटलं. "नंदू ऱ्हायला नाय रं," काकू म्हणाल्या. त्या आणखी काहीतरी सांगत होत्या, ताप, रक्तात गेलेलं इन्फेक्शन, डॉक्टर... मी समोरच्या पडद्याकडे बघत होतो. अर्धा वाचलेला चार्ट तसाच उघडा होता.

त्याला आता बरेच आठवडे झाले. नंदूबद्दल लिहायला बसलो की हात अडतो, कारण लोकांनी त्याच्याबद्दल जे जे बोलून ठेवलंय ते सगळं खरं आहे आणि मला ते सोसवत नाही. गावच्या देवळासमोर शोकसभा झाली. सरपंच बोलले, आमच्या शाळेतल्या निवृत्त बाई बोलल्या, कंपनीतून आलेल्या आमच्या टीमलीड मॅडम बोलल्या. जिद्द, चिकाटी, तरुणांपुढचा आदर्श. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि मनातल्या मनात जळत होतो. माणूस गेला तरी हेवा जात नाही, सुंभ जळतो पण पीळ राहतो म्हणतात तो हा असा. चालत्याफिरत्या माणसाचा हेवा केला तर जग समजून घेतं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा केला तर जग थुंकेल. म्हणून इतकी वर्षं मी हे कोणापाशी बोललो नाही. आज बोलतोय, कारण आदर्श वगैरे सगळ्यांनी लिहून झालंय आणि त्या सगळ्यात माझा नंदू कुठे सापडत नाही.

आमचं काम आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची कागदपत्रं संगणकावर आमच्याकडे येतात. डॉक्टरने लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक दुखापतीला ठरलेला कोड लावायचा. तिथला विमा त्या कोडवर चालतो. आम्हा दोघांच्या वाट्याला पाठीचे चार्ट यायचे, त्यातही पाठीचा वरचा भाग, म्हणजे मानेच्या खाली जिथे बरगड्या जोडलेल्या असतात ते मणके. नुसतं 'पाठ मोडली' म्हणून भागत नाही. कितवा मणका, तो पाचरीसारखा दबलाय की त्याचा चुरा झालाय, आतल्या मज्जारज्जूला इजा आहे की नाही, आणि शेवटचं अक्षर लावायचं ते उपचार कुठवर आलेत त्याचं : अजून चालू आहेत, की हाड जुळून येतंय, की सगळं उरकलं आणि आता मागे राहिलंय ते आयुष्यभर भोगायचं. वरच्या चार मणक्यांना मोडण्याचा स्वतंत्र कोड आहे, पाचव्यापासून खाली दोघादोघांत एक. नंदूचा स्वतःचा मोडला होता चौथा. "आपल्याला सेपरेट रूम हाय," असं तो नव्या मुलांना ऐटीत सांगायचा. आणि या सगळ्या धंद्याच्या मुळाशी एकच नियम आहे. लिहिलेलं नाही ते झालेलं नाही. डॉक्टरने लिहिला तरच तो आजार, नर्सच्या नोंदींत काहीही दिसो आणि तुम्हाला काहीही वाटो. शंका आली तर डॉक्टरला विचारणा पाठवायची, तिला आम्ही क्वेरी म्हणतो, आणि उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायचं. आमचं, म्हणजे माझं आणि नंदूचं, या नियमावरूनच बिनसलं.

वीजघराच्या अलीकडे आमचं गाव. डोंगरातून पाणी पडतं, त्याची वीज होते आणि ती आमच्या डोक्यावरून निघून जाते, ही गावातली जुनी तक्रार. नंदू आणि मी बालवाडीपासून एका बाकावर. हेवा तेव्हापासूनचा. त्याचं अक्षर चांगलं, त्याला उल्हास नदीच्या डोहात सूर मारता यायचा, आणि माझी सख्खी आई मला वाढताना म्हणायची, "नंदू बघ, कारल्याची भाजी पन निमूट खातो." कर्जतच्या कॉलेजात दोघांनी बीएस्सी केलं. मी नवी मुंबईत कोडिंगला लागलो, तो खोपोलीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये. मग एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो गोठ्यावर ताडपत्री घालायला चढला. सिमेंटचा पत्रा, वर्षानुवर्षं उन्हात तापलेला. तो पायाखाली फुटला आणि नंदू खाली दगडी गव्हाणीच्या कडेवर पाठीवर आदळला, खांद्यांच्या मधोमध. शेजारचे चौघे धावले, हातापायाला धरून त्याला उचललं, बसवलं, पाणी पाजलं आणि टेंपोत घातलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्याचं किती पत्र्याने मोडलं आणि किती त्या उचलण्यात, हे आता देवालाच माहीत. पुढे आमच्या पुस्तकात 'छपरातून पडणे' याला वेगळा कोड आहे हे मी त्याला दाखवलं तेव्हा त्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं. "पडायला कोड हाय," तो म्हणाला. "उचलनाऱ्यांना नाय."

त्याला हे काम मी शिकवलं. हे मुद्दाम लिहितो, कारण शोकसभेत ते कोणी बोललं नाही. छातीच्या खाली काही हलत नाही, काही कळत नाही, हात मात्र शाबूत, आणि माणूस दिवसभर टीव्हीसमोर पडून. काकूंनी मला वाटेत गाठून सांगितलं, याला कायतरी कामाला लाव, नायतर हा भिंतीकडं बघून मरेल. मी दर रविवारी पुस्तकं घेऊन जायला लागलो. घरात नीटसं टेबल नव्हतं म्हणून माझं कॉलेजातलं अभ्यासाचं टेबल नेऊन दिलं. पण खुर्चीचे हात त्याच्याखाली जाईनात. मग न्हाणीच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा काकूंनी आणल्या आणि चारही पायांखाली रचल्या. टेबल उंच झालं, नंदूची खुर्ची आत सरकली आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून हनुवटी टेबलाला लागेल अशा उंचीवरून त्याला शिकवायला लागलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कोडिंगची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो होतो, तो पहिल्याला झाला. गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी.

त्यानंतरची वर्षं म्हणजे माझा रोजचा जळफळाट. घरून काम सुरू झालं तेव्हा फोन जोडून ठेवायची कल्पना त्याची. म्हणाला, एकट्याला करमत नाय. पण मला वाटतं त्याला माझं एंटर मोजायचं होतं. मला तर त्याचं मोजायचंच होतं. माझा एक चार्ट होईतो पलीकडून टक, आणि पुन्हा टक. शेवटी मी मोठ्या आवाजाचा कीबोर्ड विकत घेतला, म्हणजे माझंही त्याला ऐकू जावं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "नवा घेतलास का रं? आवाज लय करतो. चार्ट पन करतो का?" माझी बायको मीना लग्नानंतर याच कामात आली. तिला अडलं की ती फोन नंदूला लावायची. मी शेजारच्या खोलीत बसलेलो. मी एकदा म्हटलं, अगं मला विचार की, मी ऑडिटर आहे. ती म्हणाली, "तुम्ही चिडता. नंदूभावजी समजावतात." नंदू समजावतो! शाळेत भागाकार चुकला म्हणून माझ्या डोक्यात पट्टी घालणारा नंदू. पाठीच्या चार्टवर सगळ्या टीमचा एकच मंत्र झाला होता, नंदूला विचार. मी एकटाच त्याला कधी विचारत नसे. शंका आली तर पुस्तकं उलटीपालटी करायचो, पण तोंड उघडायचो नाही.

त्याला हे सगळं ठाऊक होतं. एकदा दिवाळीत त्याच्या ओटीवर बसलो होतो. पाहुणे येत होते, त्याला बघून आवाज उतरवत होते, काकूंना हळूच विचारत होते, जेवतो ना बरा? ते गेल्यावर नंदू म्हणाला, "सुध्या, तू माझ्यावर जळतोस ना, ते मला बरं वाटतं. बाकीची मानसं नुसती कीव करतात." मी म्हटलं, मी कशाला जळू तुझ्यावर. तो हसला आणि करंज्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. माझ्या आईच्या करंज्यांपेक्षा काकूंच्या चांगल्या होत्या, तेही खरंच होतं.

आता ती नळीची गोष्ट सांगतो. नंदूला लघवीची नळी कायमची होती. एका दुपारी मी त्याच्याकडे बसलो असताना बोलता बोलता त्याचा चेहरा लाल व्हायला लागला. कपाळावर, मानेवर घामाचे थेंब, आणि छातीखाली अंग कोरडं. डोकं दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "नळी बघ, नळी." मी खाली वाकलो. नळी खुर्चीच्या चाकाशी मुडपली होती. सरळ केली तशी पिशवीत धार सुरू झाली आणि पाच-दहा मिनिटांत त्याचं डोकं दुखायचं थांबलं, रंग जागेवर आला. त्याने मग मला समजावून सांगितलं. वरच्या पाठीत मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला मूत्राशय तुंबलं तरी तिथे कळत नाही, अंग वरच्या वर बोंब मारतं, रक्तदाब चढतो, वेळेवर नाही बघितलं तर मेंदूत रक्त सांडतं. "खालचं घर पेटलं की माझ्या माळ्यावर धूर होतो," तो म्हणाला. त्यानंतर त्याच्याकडे गेलो की बसायच्या आधी माझी नजर नळीवर जायची. अजूनही कुठे चाकाची खुर्ची दिसली की जाते.

तर तो चार्ट. माझ्याकडे अर्धं काम कोडिंगचं आणि अर्धं इतरांचे चार्ट तपासायचं. कोणाचे चार्ट तपासायला येतील ते संगणक ठरवतो. नंदूचे मी कितीतरी तपासले होते आणि प्रत्येक वेळी बारीक नजरेने चूक शोधली होती, कधी मिळाली नव्हती. त्या दिवशी मिळाली. माणूस शिडीवरून पडलेला, चौथा मणका चुरा झालेला. डॉक्टरने लिहिलं होतं फक्त मणका मोडल्याचं. मज्जारज्जूबद्दल अक्षर नाही. आणि नंदूने पहिला कोड लावला होता मज्जारज्जूच्या इजेचा. मी सगळा चार्ट पुन्हा वाचला. नर्सच्या नोंदींत एका ठिकाणी होतं : रुग्णाचं डोकं असह्य दुखतंय, चेहरा लाल, छातीच्या वर घाम, रक्तदाब वाढलेला, नळी मुडपलेली आढळली, सरळ केल्यावर आराम. मी खुर्चीला टेकून बसलो. मला कळलं. मला कळलं नाही असं नव्हतं, ती नळी मी माझ्या हातांनी सरळ केली होती. पण नर्सच्या नोंदीवरून आजार लावायचा नाही. मी चूक नोंदवली, आणि कबूल करायला हरकत नाही, नोंदवताना एंटर जरा जोरात दाबलं.

फोन चालूच होता. थोड्या वेळाने त्याच्याकडे ती चूक पोचली असावी, कारण टकटक थांबली. 

"सुध्या, ही चूक तू लावलीस?"

"कुठे लिहिलंय नंदू, दाखव," मी म्हटलं. "डॉक्टरने लिहिलेलं नाही. क्वेरी टाकायची होती."

"वाचलंस ना तू पुरतं?"

"वाचलं."

"मग इचारायचं काय त्यात? मला ठाव हाय."

"तुला ठाऊक असून उपयोग नाही, कागदावर पाहिजे." 

पलीकडे काकू कोंबड्यांना हाकत होत्या तेवढं ऐकू आलं. मग फोन कट झाला. आमच्या त्या पद्धतीत कोणी मध्येच फोन कट करण्याची ती पहिली वेळ.

पुढे त्या हॉस्पिटलातून दुरुस्ती आली. डॉक्टरने मज्जारज्जूची इजा लिहायची राहून गेली होती, ती त्याने लिहिली. म्हणजे नंदू बरोबर. पण नंदूने कोड लावला तेव्हा ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे चूक ती चूकच राहिली. म्हणजे मीही बरोबर. टीममध्ये दोन तट पडले. मीना माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलत होती. काहींचं म्हणणं पडलं की त्या माणसावर तरी नियम चालवायला नको होता. यावर मला अजून राग येतो. त्या माणसावर म्हणजे काय? त्याला सूट दिली असती तर तो माझं तोंड पुन्हा बघता ना. आज तो चार्ट आला तर आजही मी चूकच नोंदवीन. मला फक्त एक हवं होतं. एवढ्या वर्षांत एकदा, नुसतं एकदा, नंदूने म्हणावं की सुध्या, तुझं बरोबर होतं. त्याच्या तोंडून. बाकी सगळ्यांच्या तोंडून मिळालं असतं तरी मला चाललं नसतं.

तो म्हणाला नाही. पावसाळा संपत आला, शेतं लोंबीला आली आणि एके सकाळी फोन वाजला, त्याचं नाव. मी उचलला, स्पीकर लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थोड्या वेळाने पलीकडून टक असा आवाज आला. मीही माझ्या चार्टला लागलो. दुपारी जेवायला उठताना तो म्हणाला, आईने मुठे केलेत, इकडे जेवायला ये. मी गेलो, खेकड्याचं कालवण पोटभर जेवलो, आणि त्या चार्टचा विषय दोघांनीही काढला नाही. तो विषय आम्ही दोघांनी बाजूला ठेवला असं लोकांना वाटत असेल. मी ठेवला नव्हता.

मग या वर्षी त्याला वरचेवर ताप यायला लागला. लघवीतून इन्फेक्शन, औषधं, बरं, पुन्हा ताप. शेवटी पनवेलला नेला. मी भेटायला गेलो तेव्हा सलाइन चालू होती, चेहरा ओढलेला, आणि महाराज पायथ्याशी टांगलेली स्वतःची फाइल मागून घेऊन वाचत होते. म्हणाला, यांनी माझा मणका नुसता 'जुना' लिहिलाय, कितवा ते नाय. मग मला आमचा नियम ऐकवायला लागला, जणू मला ठाऊक नाही : जुन्या जखमेचं मागे राहिलेलं दुखणं लिहायचं तर आधी आज काय आहे ते, मग ते कशामुळे आलं ते, असा क्रम. मी म्हटलं, तू गप्प पड. काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. मला काय सुचलं देव जाणे, आजारी माणसाला विचारायची ती गोष्ट नव्हे, पण मला वाटलं आता नाही तर कधी. मी म्हटलं, "नंदू, त्या चार्टचं सांग. माझं बरोबर होतं की नाही?"

त्याला कोणता चार्ट हे विचारावं लागलं नाही. त्याने फाइल पोटावर ठेवली, जिथे तिचं वजन त्याला कळत नव्हतं. 

"बरोबर व्हतं तुझं," तो म्हणाला. मी ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते असं सहज, पाणी मागावं तसं तो बोलला. आणि मग म्हणाला, "पन सुध्या, तुला कळलं व्हतं ना?"

मी उत्तर देणार तोवर नर्स आत आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. निघताना सवयीने वाकून नळी बघितली. सरळ होती. ते आमचं शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी काकूंकडे गेलो होतो. तिथे प्रतीक्षा आधीच बसलेली. ही खोपोलीची मुलगी, आमच्या टीममध्ये नवी, हुशार आहे. नंदूचे पाठीचे चार्ट आता तिच्याकडे गेलेत. भेटायला आली होती, डोळे पुसत होती, आणि बोलता बोलता काकूंना म्हणाली की सरांचं ते टेबल कोणाला देणार असाल तर... तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, टेबल माझं आहे. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, माझ्या कॉलेजचं आहे, मी दिलं होतं. काकू म्हणाल्या, "ने रं बाबा, तुझंच हाय. इटा पन ने." विटा त्या गमतीने म्हणाल्या असतील. मी टेंपो बोलावून टेबल नेलं आणि विटाही नेल्या.

नंतरच्या मीटिंगमध्ये टीमलीड मॅडमनी प्रतीक्षाचं कौतुक केलं. पाठीच्या चार्टवर ती नंदूपेक्षाही फास्ट आहे म्हणाल्या. नंदूपेक्षा कोणीतरी फास्ट आहे हे ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून बसलो होतो. आणि ऐकलं तर अंगाचा तिळपापड झाला. ही कोण कालची पोर? नंदूपेक्षा फास्ट व्हायचंच होतं तर मी झालो असतो, मी नाही झालो तर कोणीही व्हायचं कारण नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी नंदूच्या बाजूने जळलो. तिचे चार्ट तपासायला आले की मी तसाच चूक शोधायला लागलो जशी त्याची शोधायचो.

गेल्या आठवड्यात तिचा एक चार्ट आला. बाई जिन्यावरून पडलेली, तिसरा आणि चौथा मणका. डॉक्टरने मणके लिहिलेत, मज्जारज्जूबद्दल काही नाही. नर्सची नोंद : डोकं फुटतंय म्हणते, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम, नळी बदलल्यावर शांत. प्रतीक्षाने फक्त मणक्यांचे कोड लावले होते. बिनचूक. मी ते चारदा वाचलं. नंदूने इथे चूक केली असती. नक्की केली असती, एका क्षणात, आणि वर माझ्याशी भांडला असता. प्रतीक्षाने केली नाही, मीही कधी केली नसती, आमच्या दोघांचे गुण पूर्ण. त्याच्या वेगाचा, त्याच्या पहिल्या खेपेच्या पास होण्याचा, काकूंच्या करंज्यांचा, सगळ्याचा मी हेवा केला होता. पण त्या दिवशी त्या चुकीचा जो हेवा वाटला तसा कशाचाच वाटला नव्हता.

मी प्रतीक्षाला फोन केला आणि डॉक्टरला क्वेरी टाकायला सांगितलं. ती गोंधळली. म्हणाली, "पण सर, मी लावलंय ते बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग विचारायचं कशाला?"

"मला ठाव हाय म्हणून," मी म्हटलं. शहरात राहून पार सुटलेली गावची बोली तोंडातून कशी निघाली कळलं नाही. ती म्हणाली, टाकते सर. तिने एंटर दाबल्याचा आवाज मला ऐकू आला. उत्तर अजून आलेलं नाही.

हे सगळं त्याच टेबलावर लिहितोय. चाकाच्या खुर्चीसाठी उंच केलेलं टेबल, माझ्या साध्या खुर्चीला ते फार वर होतं. खांदे उचलून टाइप करावं लागतं आणि संध्याकाळी पाठीत, बरोबर खांद्यांच्या मधोमध, दुखायला लागतं. त्यालाही आमच्याकडे कोड आहे, साधा आहे, इजा नाही, नुसतं वरच्या पाठीचं दुखणं. मीना रोज म्हणते, अहो, त्या विटा काढा. मी हो म्हणतो.